जाहिरात लागली की

संध्याकाळच्या मालिकेत जाहिरात लागली की शेजारचे काकाजी आमच्या दोन घरांमधल्या कुंपणाच्या भिंतीशी येत. भिंत कमरेएवढी. राईसमिलचा भुसा आमच्या वॉर्डात सगळीकडे उडून बसतो, म्हणून आधी खांद्यावरच्या दुपट्ट्याने भिंत पुसायची, मग तिच्यावर दोन्ही कोपरं टेकायची आणि आमच्या स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहून विचारायचं, "सूनबाई, पाहून राह्यली ना?"

"हौ, काकाजी."

"मंग सांग. ते निळ्या साडीवाली खरं बोलून राह्यली का खोटं?"

"खोटं."

"खोटंच! मी म्हनतच होतो."

तोवर साबण, सिमेंट आणि पायदुखीचं तेल, सगळं संपत आलेलं असे. काकाजींना ते कसं कळायचं, देव जाणे. वाक्य अर्धं टाकून ते वळत आणि "लागलं, लागलं" म्हणत चपला फटफटवत आत जात. उरलेलं वाक्य पुढच्या जाहिरातीला पुरं होई. मी सकाळी दळणाला जाताना, दुपारी कामावरून येताना कधी त्यांना हाक मारली तर ते नुसती मान हलवत. बोलायची वेळ संध्याकाळची आणि बोलायची जागा भिंत, हे त्यांच्या मनात पक्कं होतं.

तुमच्याही गल्लीत असं कोणीतरी असेल. ज्याच्याशी आपलं नातं काय, असं कोणी विचारलं तर सांगता येत नाही, पण ज्याची चप्पल कोणती वाजते ते आपल्याला ठाऊक असतं.

काकाजी तिरोडीला मँगनीजच्या खाणीच्या ऑफिसात होते. निवृत्त झाल्यावर इथे, मध्य प्रदेशातल्या बालाघाटला, घर बांधलं. काकू गेल्या त्याला बरीच वर्षं झाली. मुलगा भिलाईला, त्याच्या घरात हिंदी चालते. नातवंडं फोनवर "दादाजी नमस्ते" म्हणत आणि पुढे काय बोलावं ते दोन्हीकडे कोणालाच सुचत नसे. केबलवाल्याकडे मराठी चॅनेल मागून घ्यावे लागत, ते काकाजींनी भांडून घेतले होते. "दिवसभर मी हिंदीत भाजी घेतो, हिंदीत गोळ्या घेतो, हिंदीत पेन्शन घेतो," ते म्हणत. "संध्याकाळी तरी कोनी मले मराठीत खोटं बोलावं!"

मी शिस्तीची बाई आहे. धानाच्या आडतीत हिशेब बघते, घरीही त्याच पद्धतीने चालवते. दर मार्चमध्ये महिन्याच्या खर्चांची यादी काढते आणि प्रत्येक गोष्टीपुढे एकच प्रश्न लिहिते, हे कोण वापरतं? त्या मार्चमध्ये केबलपुढे उत्तर आलं, कोणी नाही. मुलगी नागपूरला शिकायला गेलेली. हे आतल्या खोलीत मोबाईलवर बातम्या बघतात. मला मालिका भांड्यांच्या आवाजात निम्मी ऐकू येते, आणि तेवढी मोबाईलवरही ऐकू आली असती. मी केबल बंद केली आणि त्याच संध्याकाळी पहिल्या जाहिरातीला काकाजींना तसं सांगून टाकलं.

ते तसेच वळले. आत गेले. दुसऱ्या जाहिरातीला आले तेव्हा भिंत पुसायची विसरले.

"तुह्ये पैसे मी भरतो."

"काकाजी, पैशाची गोष्ट नाही. उपयोग नाही त्याचा."

"उपयोग कसा नाही? मी येतो ना इथं."

"तुम्ही या ना. केबल नसली म्हणून काय झालं?"

"अन् येऊन विचारू काय? पानी आलं का नळाले?"

मग त्यांनी मला तिरोडीचं सांगितलं. पूर्वी टीव्ही ठेवायचा तर सरकारचं लायसन लागे, पोस्टात जाऊन दर वर्षी फी भरावी लागे. पुढे ती फी बंद झाली, पण त्याच्या आधी कॉलनीतला पहिला टीव्ही काकाजींनी आणला होता. "लायसन माह्या एकट्याच्या नावानं, अन् पाहनारी क्वार्टरची अख्खी लाईन. आंगनात चटया टाकत. तुही काकू चहा करू करू थकून जाये. कोनी मले विचारलं नाही का, परवडते का म्हनून. कारन सारे एकदम हासत ना, सूनबाई. एकदम!"

"तेव्हा दुसरं काही नव्हतं, काकाजी."

"हौ. म्हनूनच तं सांगून राह्यलो."

एवढ्यात मालिका लागली आणि ते गेले.

मी मधला मार्ग काढला. मालिका मोबाईलवर लावायची, म्हणजे खर्चही नाही आणि काकाजींचा प्रश्नही सुटला. पण मोबाईलवर त्यांची जाहिरात आणि माझी जाहिरात एका वेळेला येईना. ते भिंतीशी येत तेव्हा माझ्याकडे निळी साडीवाली रडत असे. मी मोबाईल उलटा ठेवून बाहेर जाई. शिवाय मोबाईलवर भाग आधीच येऊन पडलेला असतो. एकदा मी दुपारीच पाहून टाकला आणि संध्याकाळी सहज म्हटलं, "आज ती पकडली जाते."

काकाजींनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "काहून सांगतलं? काहून सांगतलं तू? आता मी आत जाऊन काय पाहू?"

"पकडली जाते ते पाहा."

"एकट्यानं?"

दुसऱ्या दिवशी मी केबल पुन्हा सुरू केली. हे म्हणाले, "तुझ्या यादीचं काय झालं?" मी म्हटलं, यादीत दुरुस्ती असते.

पुढे मात्र केबलवालाच आला. बिचाऱ्याची चूक नव्हती. गल्लीतल्या एकेका घराने कनेक्शन काढलं होतं आणि खांबावरून आलेली ती एवढी लांब तार आता दोन घरांसाठी उरली होती. माकडं ती तोडत, तो जोडायला येई. काकाजींच्या ओसरीवर बसून तो हात जोडून म्हणाला, "अंकल, दो घर के लिए लाइन नहीं चलती. पाँच-छह घर कर दो, फिर देखो, बंदर की माँ की कसम, एक दिन बंद नहीं रहेगा."

काकाजींनी ते मनावर घेतलं. इस्त्रीचा सदरा घातला आणि मला म्हणाले, "चल. तुले बोलता येते."

आम्ही रविवारी सकाळी घरोघर गेलो. मी कोणत्या घराला काय सांगायचं ते ठरवून ठेवलं होतं. म्हाताऱ्या सासूबाई असतील तिथे भजन-कीर्तन, लहान मुलं असतील तिथे डोळ्यांना मोबाईल वाईट. काकाजींनी पहिल्या दारातच माझी तयारी मोडून काढली. त्यांनी सरळ विचारलं, "शाम को आप लोग क्या देखते हो?"

"अंकल, सब अपना-अपना देखते हैं."

"एक साथ कुछ नहीं?"

त्या बाईंनी जरा विचार केला. "लाइट जाती है तब बैठते हैं एक साथ," त्या म्हणाल्या आणि हसल्या. काकाजीही हसले, पण पायरी उतरताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

तिसऱ्या घरी ते म्हणाले, "पैसा मैं भर दूँगा. आप बस लगा के रखो. आवाज आना चाहिए." घरातल्या माणसाला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मी बाहेर आल्यावर रागावले, "काकाजी, असं नसते करत. लोक काय म्हणतील?"

"काहून? गनपतीची वर्गनी देतो तं लोक नाव लिहितात मोठ्या अक्षरात. हे बी तसंच समज."

एकही घर मिळालं नाही. लोक वाईट नव्हते. सगळ्यांनी बसायला सांगितलं, दोघांनी चहा दिला, आणि सगळ्यांनी एकच सल्ला दिला, की अंकल, छतावर डिश लावून घ्या. काकाजींचं त्यावर उत्तर ठरलेलं होतं, "माह्या छपरावर लागली तं तुह्याकडं कुठं लागन?"

मी दोन डिशची चौकशी करत होते, तेवढ्यात केबलवाल्याने येऊन तार उतरवली. गुंडाळून खांद्यावर घेतली आणि निघाला. काकाजी फाटकापर्यंत त्याला सोडायला गेले, पाहुण्याला सोडायला जातात तसे.

त्याच आठवड्यात भिलाईहून मुलगा आला, नवा मोठा टीव्ही घेऊन. चांगला मुलगा आहे. वडिलांची अडचण ऐकून सुट्टी टाकून आला होता. त्याने टीव्ही भिंतीवर बसवला, इंटरनेट लावून दिलं, वर्षाचे पैसे भरले आणि रिमोटचं कोणतं बटण दाबायचं त्याच्यावर लाल टिकली चिकटवली. मी चहा घेऊन गेले होते.

"पप्पा, सारे मराठी सीरियल इसमें हैं. और सबसे बढ़िया बात, ऐड बिल्कुल नहीं आते. उसका पैसा अलग से भरा है मैंने."

काकाजी म्हणाले, "मंग उठाचं कव्हा?"

मुलाला कळलं नाही. तो म्हणाला, "उठने की जरूरत ही नहीं, पप्पा."

काकाजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मुलाच्या पाठीवर हात ठेवला. "हौ, बाबू. छान केलं."

त्यानंतर ते दोन-तीन दिवस भिंतीशी आले नाहीत. चौथ्या दिवशी आले. घाईत होते.

"थांबवून आलो," ते म्हणाले.

"काय?"

"बटन दाबलं का थांबते ना ते. पन सूनबाई, ते निळी साडीवाली तोंड उघडं ठेवून उभी आहे तिथं. अर्ध्या शब्दावर. मले इथं उभं राहून कसं तरीच वाटते. जाहिरातीत तं ते लोक बी जेवूनखावून घेत असतीन, असं वाटे." ते वळून घराकडे पाहत राहिले. मी विचारलं, आज काय झालं मालिकेत? ते म्हणाले, "तुले काय माहीत, मी कोनत्या भागावर आहो," आणि खरंच मला माहीत नव्हतं. मी स्वतः मोबाईलवर तीन भाग मागे होते. आम्ही नळाला पाणी आल्याचं बोललो.

मी पुन्हा पुन्हा हिशेब मांडून पाहिला आहे. एवढे पैसे भरून टीव्ही ठेवावा का, हा प्रश्न आता घरोघरी निघतो, आमच्या आडतीतही निघतो, आणि सगळे म्हणतात की फुकट किंवा स्वस्तात सगळं मिळतं तर कशाला. बरोबर आहे. मीही कोणाला दुसरा सल्ला देणार नाही. फक्त काकाजी ज्याचे पैसे भरत होते ते कोणत्याच कंपनीच्या पॅकमध्ये लिहिलेलं नव्हतं. साबण आणि सिमेंटवाले ते अधूनमधून देऊन जात, आणि त्यांना स्वतःलाही ते माहीत नसावं.

थंडीत काकाजी न्हाणीघरात घसरले. हाड मोडलं नाही, पण मुलाने एकटं ठेवायला नकार दिला आणि त्यांना भिलाईला नेलं. जाताना गाडीची काच खाली करून त्यांनी मला सांगितलं, "भिंतीवरचा भुसा पुसत जाय." सुरुवातीला फोन येत. मी विचारलं, तिकडे मराठी लागतं का?

"लागते ना. माह्या खोलीत वेगळा टीव्ही देला पोरानं. कानात लावून पाहतो आता. पोरायच्या अभ्यासाले तरास नाही."

"आवाज चांगला येतो?"

"लय चांगला येतो. बाहेर कोनाले काही ऐकू येत नाही."

मग फोन कमी झाले. मी केला तर ते "बरं आहे" म्हणत आणि फोन मुलाकडे देत. आता तेही नाही. ऐकू कमी येतं, मुलगा सांगतो. फोनवर बोलायला कंटाळतात.

मागच्या महिन्यात मुलाने कळवलं की घर भाड्याने द्यायचं आहे, किल्ली तुमच्याकडे आहे तर एकदा उघडून पाहाल का. मी संध्याकाळी दिवा लावून लगेच गेले. नळ पाहिले, मीटर पाहिलं, कुठे ओल आली ते पाहिलं, दोन खिडक्यांच्या कड्या बसत नव्हत्या त्या लिहून घेतल्या. शेवटी मागच्या खोलीत गेले. टीव्ही मुलाने नेला होता, भिंतीत त्याचे खिळे होते. काकाजींची वेताची खुर्ची तिथेच होती. पण ती खिळ्यांकडे तोंड करून नव्हती. ती खिडकीकडे वळलेली होती आणि बरीच वर्षं तशीच असावी, कारण तिच्या चार पायांखाली फरशीवर चार काळे डाग पडले होते.

मी बसून पाहिलं.

समोर आमचं स्वयंपाकघर दिसत होतं. दार उघडं, दिवा चालू, ओट्यावर सकाळची कढई. पलीकडच्या खोलीत ह्यांच्या मोबाईलचा उजेड हलत होता. स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. कोणीतरी येईल म्हणून मी थोडा वेळ तशीच बसून राहिले.