ऐकल्याशिवाय आवक नाही

गाणं पहिल्या सुरापासून शेवटच्या खरखरीपर्यंत ऐकणारा एकच माणूस मी जगात पाहिला, आणि तो माझा घरमालक होता. बाकी आपण सगळे गाणी चाखतो. घरमालक काका ती तपासून घेत. कळमेश्वरच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं ते स्टोअरकीपर होते. खोकं फोडून, नग मोजून, एकेक नजरेखालून घातल्याशिवाय रजिस्टरात आवक लिहायची नाही, हा त्यांचा धर्म. रिटायर झाले, काकू गेल्या, मुलगी अमरावतीला नांदत होती, आणि घरात उरल्या दोन पत्र्याच्या पेट्या भरून कॅसेटी. त्या सगळ्या कॉम्प्युटरात चढवायचं काकांनी मनावर घेतलं. काकू गेल्यानंतर मी त्यांच्या खालच्या मजल्यावर भाड्यानं राहायला आलो. पन्नाशीला टेकलेला, एकटा. का एकटा, ते इथं सांगत नाही. कॉम्प्युटरातलं मला सगळं कळतं असा काकांचा समज होता, आणि रविवारी सकाळी मला जायला दुसरं ठिकाण नव्हतं.

कॅसेटवरचं गाणं सरळ कॉम्प्युटरात उतरावं म्हणून मी त्यांना एक वायर आणून दिली. ती त्यांनी गुंडाळी करून, वर रबर लावून परत केली. "तारेतून गाणं येते गा, खोली नाई येत." मग टेपरेकॉर्डरसमोर उशी, उशीवर माईक, आणि समोर मांडीवर हात ठेवून काका, परीक्षेच्या हॉलवरच्या मास्तरासारखे. गाणं संपलं की तयार झालेली फाईल पुन्हा अथपासून इतिपर्यंत ऐकायची, आणि मगच कॉम्प्युटरातल्या गाण्यांच्या लायब्ररीत घ्यायची. मी म्हणायचो, "काका, कॅसेट लावून द्या अन् तोवर जेवून घ्या की." यावर ते माझ्याकडे असं बघत की जणू मी चोरांना सामील आहे. "माल उतरून राहिला अन् स्टोअरकीपर जेवाले गेला? काहून गा, गोदाम लुटवतं काय?" फोल्डरला ते रॅक म्हणत. गाण्याच्या प्रकाराच्या रकान्यात दुसरा कुणी भावगीत लिहील, भजन लिहील. काकांनी लिहिलं होतं 'कूलर लागल्यावर', 'पोळ्याच्या आदल्या दिवशी', 'लाइन गेली तेव्हा, सेलवर'. आणि गायकाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच: 'सौ.'

मी हसलो होतो. "काका, काकू गायच्या का?"

"गाते कायची! मधात बोलते ना," म्हणाले आणि पुढची कॅसेट लावली. तेव्हाच पुढचं विचारलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती. पण मी मोबाइल बघत होतो.

सगळ्या कॅसेटी चढल्यावर त्या भंगारात द्या, हे टुमणंही माझंच. बुरशी धरली होती, आणि जिन्यातली पेटी दर वेळी माझ्या पायाला लागायची. काकांनी आठवडाभर विचार केला, मग रजिस्टरात शिस्तीत 'जावक' लिहिली आणि भंगारवाल्याच्या ठेल्यावर स्वतःच्या हातानं पेट्या ठेवल्या.

पुढं एका रविवारी कॉम्प्युटर रांगायला लागला. डिस्क भरली होती. काका चौकातून तर्री-पोहे आणायला गेले आणि मी खुर्चीत बसलो. बघतो तर एकेक गाणं आठ-आठ, नऊ-नऊ वेळा. सारखी गाणी शोधून देण्याची सोय लायब्ररीच्या प्रोग्रॅममध्ये होती. मी तिला कामाला लावलं. प्रत्येक फाईल मध्येच कुठं दोन सेकंद ऐकली. कुठं खरखर, कुठं कुकरची शिट्टी, कुठं मध्येच कुणी बाई बोलतेय. प्रत्येक गाण्याची सगळ्यात साफ तेवढी एक प्रत ठेवली, बाकीच्या उडवल्या, आणि मोठ्या टापटिपीनं कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. पोहे गरम होते तोवर सगळं आटोपलं होतं. "बघा काका, कसं पळून राहिलं!" काका खूश. मला जास्तीची तर्री मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खाली आले. दारातच उभे राहिले. "तुझी काकू दिसून नाई राहिली गा."

मी चरकलो. म्हातारा भ्रमला की काय! मग त्यांनी सांगितलं. काकू होत्या त्या काळात ते रेडिओसमोर टेप ठेवून गाणी भरून घेत, आणि दर वेळी ऐन कडव्यात स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "अहो, ऐकून राहिले काय? कूलरमधी पाणी टाका आधी!" काका चिडायचे, गाणं बाद ठरवून कॅसेट पेटीत टाकायचे, पुढच्या वेळी पुन्हा भरायचे. "आठदा भरलं गा एकेक गाणं. आठी वेळा बोलली. नवव्या वेळी साफ आलं." मग म्हणाले, "तवा ती दवाखान्यात होती."

मी नेमकी नववी ठेवली होती.

त्या क्षणी खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. मी दुसरंच बोललो. "काका, तुमच्याकडून चुकून काही दाबलं गेलं का?"

त्यांनी आपला उजवा हात उलटा-सुलटा करून पाहिला. "असंल गा. चौतीस वर्षांत एक नट हरवला नाई माह्याकडून. अन् आता पाय, हे असं."

मी गुपचूप दोन दुकानांत डिस्क दाखवून आणली; काही परत आलं नाही. भंगारवाल्यालाही गाठलं, माल कधीच पुढं गेला होता. काकांनी कीबोर्डवरचं पुसायचं बटण पेचकसानं उपटून सुपारीच्या डबीत ठेवलं. माऊस डाव्या हातानं धरायला लागले. काही करायचं झालं की मला वर बोलवायचे आणि विचारायचे, "दाबू का गा?" शेजारच्यांना याची फार गंमत वाटे. त्यांच्याबरोबर मीही हसायचो. ते हसणं आजही माझ्या कानातून जात नाही.

गेल्या वर्षी मुलगी त्यांना अमरावतीला घेऊन गेली. कॉम्प्युटर माझ्याकडे ठेवून गेले. "तिथं जागा नाई. सांभाळ." मी त्यावर चादर टाकली आणि कितीतरी महिने ती उचलली नाही.

मध्यंतरी एकदा उचलली. लायब्ररीत एक रॅक नवा होता. त्या प्रकारानंतर काका पुन्हा रेडिओसमोर माईक ठेवून गाणी भरत होते, आणि मोबाइलमधून मान वर न काढता 'दाबा' म्हणणाऱ्या मला ते माहीतच नव्हतं. तेच गाणं, पाच-पाच, सहा-सहा वेळा. गायकाच्या रकान्यात लिहिलं होतं: 'भाडेकरू'.

लावून पाहिलं. गाण्याच्या ऐन कडव्यात माझा आवाज. "काका, आटपा, चौकातले पोहे संपतात." दुसऱ्यात मी शिंकतोय. तिसऱ्यात म्हणतोय, "काय तेच तेच ऐकता?" एकही प्रत साफ नव्हती. आणि एकातही त्यांनी मला गप्प बस म्हटलेलं नव्हतं.

मी अमरावतीला फोन लावला. "काका, ते मी उडवलं होतं. तुमचा हात नव्हता लागला."

पलीकडं टीव्हीचा आवाज बारीक झाला. मग, "म्हंजे मी नाई दाबलं?"

"नाही काका."

"पक्कं?"

"पक्कं."

मी शिव्यांची वाट पाहत होतो. त्या मला हव्या होत्या. पण काकांनी फोन बाजूला धरून मुलीला हाक मारली. "ऐकलं काय वं? माह्या हातून नाई गेली तुही माय!" मग मला म्हणाले, "मंग ते बटन बसवून टाक गा आता. डबी ड्रॉवरमधी आहे." आणि फोन ठेवला.

डबी मिळाली. बटण अजून बसवलेलं नाही. रविवारी सकाळी मी 'भाडेकरू'मधली एक फाईल लावतो आणि शेवटच्या खरखरीपर्यंत ऐकतो, कारण माझी घाई बोलून झाल्यावर, गाणंही संपल्यावर, अगदी टोकाला काकांचा हळू आवाज येतो, "बस गा. कुठं जातं तू?"