साडूंची गाडी सर्व्हिसिंगला जाते

उभ्या सातारा जिल्ह्यात सर्व्हिस सेंटरवाल्यांना घाम फोडणारा माणूस एकच झाला, आणि तो म्हणजे माझे थोरले साडू. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, कराडजवळच्या गावी ऊस लावला आणि उरलासुरला सगळा दारूगोळा मलकापूरच्या सर्व्हिस सेंटरवर उडवला. गाडी म्हणाल तर एक बुटकी, पांढरी, म्हातारी मोटार. तिच्या सर्व्हिसिंगची तारीख आली की मला सांगलीला फोन यायचा, "पाव्हणं, उद्या मलकापूरला जायचंय. या." माझं तिथं काय काम, असं एकदा विचारून पाहिलं. तर म्हणाले, "दवाखान्यात आन् सर्व्हिसिंगला एकट्यानं जाऊ न्हाई. त्ये काय सांगत्यात ते ऐकाय दुसरा मानूस लागतोय." झालं! रजा टाकून मी पहाटेच्या एसटीत.

नऊची वेळ दिलेली, तर साडू सातलाच फाटकाशी हजर, कडक इस्त्रीत. पहारेकरीही माजी सैनिक, तो सलाम ठोकायचा. मग आतून टाय लावलेला सल्लागार यायचा आणि गाडीकडे न बघताच पाढा सुरू करायचा. वायपर बदलू, एसी धुऊ, खालून कोटिंग मारू, पॉलिश करू. साडू शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "आवं, तेल बदलायला आलोय. गाडीचं लगीन काढलंय व्हय?" पाढ्याचं शेवटचं कडवं ठरलेलं असे. "सर, आता ही काढून नवीन घ्या की." इथं मात्र साडूंचा आवाज खाली यायचा. "नव्या समद्या उंच. आमच्या हिचं गुडघं गेल्यात. हितं ती आपली आपन बसती. उंच गाडीत चार मानसांत हात धरून चढवायची, ते तिला न्हाई सोसायचं. ही गाडी चालती ठेवा, बाकी काय बी मागू नगा." आक्कांच्या, म्हणजे माझ्या मेहुणीच्या, गुडघ्यांसाठी हा माणूस कंपनीशी लढत होता, हे त्या टायवाल्यालाही ठाऊक होतं.

गिऱ्हाइकांना वर्कशॉपमध्ये मज्जाव. मग साडू काचेला नाक लावून उभे. आत कुणी बॉनेट जरा जोरात आपटलं की इकडं यांच्या तोंडून "आई गं!" निघायचं. जेवणाच्या सुट्टीत मेकॅनिक बॉनेट उघडं टाकून गेले, तर पोट फाडून डॉक्टर जेवायला गेल्यासारखे साडू कासावीस. आक्कांनी दिलेली भाकरी सोडायची शुद्ध नाही. ती मी खाल्ली.

एकदा गाडीतून आवाज यायला लागला. साडू तोंडानं तो काढून दाखवत, "कुर्र... टक!" सल्लागारानं चक्कर मारली, गाडी गप्प. मेकॅनिकनं मारली, गप्प. "माहेरवाशिनीगत हाय ती, परक्यापुढं बोलत न्हाई," साडू म्हणाले. पुन्हा गेलो, पुन्हा तेच. शेवटी तो आवाज फक्त देवाच्या डोंगराच्या चढाला येतो, हे आक्कांनी ओळखलं आणि सीटखाली हात घातला. निघाला नारळ! मागच्या पौर्णिमेला देवाला वाहायचा राहून गेलेला. दुसऱ्या दिवशी साडू तो घेऊन थेट काउंटरवर. "आतनं सफाई केली म्हनून बिलात लावलंय न्हवं? मग ह्यो काय गाडीत उगवला?" मग त्यांनीच पायरीवर नारळ फोडला आणि टायवाल्यापासून पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांना प्रसाद वाटला.

संध्याकाळी कंपनीचा फोन यायचा, दहापैकी दहा गुण द्या म्हणून. साडू बजावत, "पैकीच्या पैकी फकस्त देवाला. तुमाला पास केलंय, लय झालं."

गेल्या पावसाळ्यानंतर मात्र टायवाला पाढा न म्हणताच समोर येऊन उभा राहिला. "सुभेदार साहेब, हिचे पार्ट कंपनीनं बंद केलेत. इंजिन आता उघडलं तर बसणार नाही." साडू पहिल्यांदाच काचेपासून हलले आणि गिऱ्हाइकांसाठी मांडलेल्या मऊ खुर्चीत टेकले. नवी गाडी घेणं भाग होतं, आणि ती उंचच होती.

ती आणायच्या दिवशी साडूंनी सुताराकडून एक पाट करून घेतला, दणकट, चार पायांचा. शोरूममध्ये सगळ्यांसमोर तो गाडीच्या दारापाशी मांडला, वाकून हलवून पाहिला. "ह्यावर पाय दे. हात न्हाई धरत मी." आक्कांनी पाटाकडे पाहिलं. मग पदर खोचला, दाराची कड धरली आणि पाटाला पाय न लावता सरळ आत जाऊन बसल्या. साडू पाट धरून तसेच वाकलेले.

मी मागच्या सीटवर बसलो आणि न राहवून विचारलं, "आक्का, गुडघे?"

"दुकत्यात की. पर एवडं न्हाई." त्या हळूच म्हणाल्या. "त्यास्नी ती गाडी सोडवत न्हवती, आन् कबूल करवत न्हवतं. मग म्हनलं, माझं गुडघं सांगू देत लोकास्नी."

खिडकी उघडी होती. साडूंनी ऐकलं की नाही, देव जाणे. आता नवी गाडी कंपनीचा माणूस दारातून नेतो आणि आणून सोडतो. मला फोन येत नाही, आणि खोटं कशाला बोलू, त्या पहाटेच्या एसटीची फार आठवण येते. त्या दिवशी साडूंनी पाट उचलला, बाहीनं पुसला आणि डिकीत सारून ठेवला.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "उतरताना लागंल तिला."