जिंतुरात आली वाचणारी सून

पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत बघा. तो नुसता कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसला, की बाकीचं सगळं घरच करतं! माझ्याकडं असे पोतंभर साठलेत. नातसून म्हणते, "आजी, लिहून ठेवा." मी म्हणते, लिहायला बसले तर वाचू कधी?

तर ऐका. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, परभणीत पुस्तकांचं बायंडिंग करायचे. बांधायला आलेलं पुस्तक आधी मी वाचायचं, मग दादांनी शिवायचं, असा आमचा कारखाना. सोळाव्या वर्षी लग्न होऊन जिंतूरला आले. घरात माणसं तीन. सासूबाई, हे आणि मी. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. हे तहसील कचेरीत कारकून. निजामाचं राज्य, सगळा कारभार उर्दूत, ह्यांचं शिक्षणही उर्दूतच. मराठी बोलायचे फर्स्ट क्लास, पण वाचायला बसले की गाळात रुतलेल्या बैलगाडीसारखे. एकेक अक्षर रेटत!

*

लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला माहेरी आले होते. आठव्या दिवशी ह्यांचं पत्र! नवऱ्याचं पहिलं पत्र. फोडून बघते तर चार पानं, सगळी उर्दूत. घाईत लिहायचं म्हटलं की ह्यांचा हात तिकडूनच चालायचा. मला त्यातलं एक अक्षर कळेना, अन् दादांनाही उर्दू येत नव्हतं.

शेजारी म्हातारे मुन्शीजी राहायचे. शाळेत उर्दू शिकवून रिटायर झालेले, मला लेकीसारखं मानायचे. त्यांच्याकडं पत्र नेलं. त्यांनी चष्मा लावला, पहिल्या चार ओळी मोठ्यानं वाचल्या आणि एकदम थांबले. पुढचं मनातल्या मनात वाचायला लागले. कान लाल झाले. पान उलटून खोकले. आणखी एक पान उलटून परत खोकले. शेवटी पत्राची नीट घडी घातली अन् म्हणाले, "बेटी, बाकी सब खैरियत है."

चार पानं खैरियत!

मी काय सोडते? महिनाभर माहेरी मुन्शीजींच्या बायकोजवळ बसून अलिफ-बे गिरवलं. पुढचे दोन महिने जिंतुरात, ह्यांच्या लहानपणच्या पहिल्या बुकावरनं, ह्यांना पत्ता लागू न देता. पत्र तोवर ट्रंकेच्या तळाला. एके दुपारी दार लावून घेतलं, काळजाची धडधड सांभाळली आणि चारही पानं वाचून काढली.

ह्यांना बसायच्या जागी गळू झालं होतं. त्याचं वर्णन होतं.

*

आमचं घर लिंगायत. गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं, बेल वाहायचा, नजर लावून बसायचं. आत्याबाईंची पूजा दहा मिनिटांत आटपायची, माझी तासभर चालायची. देवावर माझी श्रद्धा होती, आजही आहे. पूजा मी मनापासूनच करायची. पण ती झाली की समईमागं भिंतीला टेकवलेलं पुस्तक असायचं! नव्या सुनेला तासभर कुणी हाक मारणार नाही, अशी घरात दुसरी जागाच नव्हती हो.

एकदा असंच वाचताना डोळ्यांना धार लागली. आत्याबाईंनी दारातनं पाहिलं आणि गल्लीभर सांगून आल्या, "माजी सून पूजेत रडायलीय! भाव बगा पोरीचा!"

दुसऱ्या दिवशी ओसरीत पंधरा बायका. तिसऱ्या दिवशी मठातले स्वामीच आले! मी घाईघाईनं पुस्तक पाटाखाली सरकवलं. डोळे तेवढे सुजलेले लपवता आले नाहीत.

स्वामी समोर बसले. हळूच विचारलं, "बाळ, असं काय दिसलं तुला?"

तळहातावर देव. खोटं कसं बोलू?

"स्वामी, नायिकेला क्षय झालाय."

आत्याबाईंचं तोंड उघडंच राहिलं. स्वामींनी क्षणभर डोळे मिटले. मग उजवा हात वर केला.

"बरी होईल," म्हणाले.

नाही झाली. पण स्वामींना कोण सांगणार?

*

मेहकरला माझी मावशी होती. मेहकर वऱ्हाडात, म्हणजे इंग्रजांचा मुलूख. तिकडून निजामाच्या हद्दीत शिरताना करोडगिरीचा नाका लागायचा. बाहेरून आणलेल्या नव्या मालावर जकात, वापरलेल्या वस्तूंना माफी. मावशीनं मला सात पुस्तकं दिली होती. आम्ही दोघं मोटारीनं परत निघालो, अन् नाक्यावरच्या जमादारानं माझी ट्रंक उघडली.

"ये क्या है? नवा माल?"

"नवा नाही, वापरलेला आहे," मी म्हटलं. "सगळी वाचून झालीत."

"कायकू मानूं? क्या लिखा है इसमें, बोलो!"

ह्यांनी कपाळाला हात लावला. मी मात्र ट्रंकेवर बसले आणि माझ्या मोडक्यातोडक्या उर्दूत एकेका पुस्तकाची गोष्ट सांगायला सुरुवात केली. मोटारीतले लोक उतरून भोवती बसले. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. एक पुस्तक सुटलं, दोन सुटली, सहा सुटली. सातव्याच्या वेळी जमादार म्हणाला, "फिर? आखिर में क्या हुआ?"

आता शेवट मला कुठं ठाऊक! वीस पानं वाचायची राहिली होती. तसं सांगितलं. जमादार ताठ झाला.

"तो ये बीस पन्ने नवे है!"

ह्यांनी हात जोडले, ड्रायव्हरनं गयावया केली. जमादार ऐकेना. कायदा म्हणजे कायदा. शेवटी त्यानंच तोड काढली. "बाई, यहींच बैठो. पन्ने पुराने करो, और जाओ."

नाक्याच्या बाजेवर बसून मी वीस पानं जुनी केली. अख्खी मोटार खोळंबली होती. पुस्तक मिटलं तर जमादार पुढ्यात उकिडवा बसलेला.

"हुआ पुराना?"

"झालं."

"तो अब बोलो ना, आखिर में क्या हुआ!"

*

थोरल्याच्या वेळी दिवस गेले. बाईचे डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाचा कान फुटतो, असं आत्याबाई ठामपणे मानायच्या. त्या रोज विचारायच्या, "गिरजे, काय पाहिजे वाटायलंय? लाजू नको, सांग."

त्या दिवशी माझा एका कादंबरीचा पहिला भाग नेमका ऐन सस्पेन्सवर संपलेला. पुस्तकातनं डोकं वर न काढता मी म्हटलं, "दुसरा भाग."

आत्याबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी शब्द तोंडात घोळवत ठेवला, पिशवी उचलली आणि थेट कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेल्या.

"दुसरा भाग हाय का रं?"

दुकानदारानं मागं वळून डबे बघितले, पोती बघितली. गिऱ्हाइकाला नाही म्हणायची त्याची रीत नव्हती.

"संपला, मावशी," तो म्हणाला. "मंगळवारच्या बाजारी ताजा येतोय."

*

निजामाच्या राज्याचं ते शेवटचं वर्ष. गावात रोज कुणाच्या ना कुणाच्या घराची झडती. चुकीचं पुस्तक घरात सापडलं तर नोकरी तर जायचीच, वर माणूस आत. अन् आमच्या घरात तर पुस्तकांची चळत! एक दिवस पोलिसांचा अमीन दारात उभा राहिला, मागं दोन शिपाई. हे माझ्या आड सरकले.

अमिनाला मराठी वाचता येत नव्हतं. त्यानं वरचंच पुस्तक उचलून मला विचारलं, "क्या नाम इसका?"

मी म्हटलं, "बागकाम."

"बाग़ी काम?!"

शिपाई सरसावून पुढं आले. "बाग़ी नव्हे हो, बाग! बाग!" म्हणत मी त्याला तरातरा परसात नेलं. तिथं त्या पुस्तकाबरहुकूम लावलेली वांगी होती. एकेक वांगं तांब्याएवढं! अमीन बघतच राहिला. वाकून एक वांगं हातात तोललं. मग ह्यांच्याकडं वळून म्हणाला, "कल से रोज सवेरे थाने पे आना. किताब लेके."

झालं! दुसऱ्या दिवसापासून हे रोज सकाळी ठाण्यात जाऊन अमिनाला बागकाम वाचून दाखवायला लागले. ह्यांचं मराठी वाचन कसलं ते सांगितलंच आहे. दिवसाला अर्धं पान. गल्लीला वाटलं, ह्यांची चौकशी चाललीय. बायका येऊन माझ्या पाठीवरनं हात फिरवायच्या. शेजारच्या गोदाबाईंनी तर डोळ्याला पदर लावून विचारलं, "लय छळायलेत का गं? कुठपतूर आलंय परकरण?"

मी म्हटलं, "आज वांग्यापाशी आलेत."

पुढं निजामाचं राज्य गेलं. गावानं सभा भरवली, ह्यांना धरून नेलं, गळ्यात हार घातला. "ठाण्यात रोज काय काय सोसलंत, दोन शब्द सांगा," म्हणाले. ह्यांना खोटं बोलता येत नाही. हे उठले, घसा खाकरला आणि म्हणाले, "शेणखत."

टाळ्या थांबता थांबेनात!

*

आता हा एक मात्र त्याच्या बराच आधीचा. तेव्हा मूल झालेलं नव्हतं.

दुपारी गल्लीतल्या बायका आमच्या ओसरीत जमायच्या. त्यांनी वाती वळायच्या, मी मोठ्यानं कादंबरी वाचायची. त्या वेळी एका दुष्ट सरदाराची गोष्ट लावली होती. दुसऱ्या प्रकरणात सरदाराचं नाव आलं आणि माझी वाचाच बसली. ह्यांचंच नाव! काशीच्या देवाचं जे नाव, तेच. आता मी नवऱ्याचं नाव घेऊ कशी? आजही घेत नाही.

"का गं, का थांबलीस?" बायका म्हणाल्या.

मग मी तोड काढली. जिथं नाव येईल तिथं 'हे' म्हणायचं. "हे घोड्यावरनं उतरले. ह्यांनी मिशीला पीळ दिला." वाचन सुरळीत चाललं. "ह्यांनी दुधात विष कालवलं. ह्यांनी कमलावतीला बुरुजात कोंडलं आणि किल्ली कमरेला लावली. तीन दिवस पोरीच्या पोटात अन्न नाही, अन् हे खदाखदा हसले."

बायकांच्या वाती हातातच राहायच्या. आत्याबाई तर वळलेल्या वातीसुद्धा परत पिंजायच्या. चौथ्या दिवशी मी बघितलं, त्यांनी ह्यांच्या ताटात तूप वाढलं नाही. पाचव्या दिवशी ह्यांनी दूध मागितलं, तर म्हणाल्या, "तुज्या हातानं कशाला घ्यायलास? ठेव ते भांडं खाली!"

हे मला म्हणाले, "आईला काय झालंय?" मला तरी काय ठाऊक!

शेवटचं प्रकरण आलं. पुस्तकात सरदार बुरुजावरनं पडून मरतो, त्याच्या कमरेची किल्ली काढून कमलावतीला सोडवतात. मी त्या ओळीपाशी आले आणि गप्पकन थांबले. 'हे मेले' असं वाचू? सवाष्ण बाई मी! जीभ रेटेना. म्हटलं, "हे बुरुजावरनं उतरले आणि घरी आले." आणि पुस्तक मिटलं.

"आन् कमलावती?" गोदाबाई ओरडल्या.

"ती आतच."

पण एकही बाई उठून घरी गेली नाही. दिवेलागणीला हे कचेरीतनं आले. दारात बघतात तर पंधरा बायका एका रांगेत, मधोमध आत्याबाई.

"विसू, खरं सांग. त्या कमलावतीला कुठं ठेवलंस?"

"कोण कमलावती?"

"बगा! आता वळकतबी न्हाई!"

"आई, मी कुणाला..."

"कमरेला काय हाय तुज्या?"

ह्यांच्या कमरेला कचेरीच्या कपाटाची किल्ली असायची. ह्यांनी आईकडं बघितलं, बायकांकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी खाली मान घातली. आत्याबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं पाणी.

हे काय समजले कुणास ठाऊक. त्यांनी कमरेची किल्ली काढली आणि आईच्या हातावर ठेवली.

"आई, चुकलं माझं. पुन्हा असं नाही करणार."

बायका आपापल्या घरी गेल्या. आत्याबाई किल्ली मुठीत घेऊन एकट्याच बाहेर पडल्या. कुठं चालल्या, हे विचारायची छाती ना माझी झाली, ना ह्यांची. घटकाभरानं आल्या. पाय धुतले, किल्ली ह्यांना परत दिली अन् चुलीपाशी बसल्या. ह्यांच्या भाकरीवर तूपही वाढलं, चांगलं पळीभर.

जेवायला आम्ही तिघं. आत्याबाईंनी ताटं चार मांडली होती.