चुन्याखालची रेघ

बाळांनो,

गेल्या रविवारी थोरलीने फोनवर तिच्या नव्या नोकरीची हकीकत सांगितली. नदीकाठचा कुठला भाग पुराचा ते नकाशावर आखायचं आणि त्या रेषेच्या आतल्या घरांचा विमा बघायचा, असं तिचं काम. मी म्हटलं, छान. मग ती हसत म्हणाली, "आजी, इथे लोक घर विकताना पूर येऊन गेलेला लपवतात गं. भिंतींना नवा रंग देऊन टाकतात. तुमच्याकडे असं करायचे का?" मी म्हटलं, दूध उतू जातंय, आणि फोन ठेवला. गॅसवर दूध नव्हतं.

म्हणून हे लिहायला बसले. तुमच्या बाबांनाही मी हे सांगितलेलं नाही. हात चालतो आहे तोवर क्रमाने लिहून ठेवते. नावं मुद्दाम गाळली आहेत, कारण त्या घरची माणसं अजून आहेत.

मी लग्न होऊन कर्जतला आले तेव्हा तुमचे आजोबा सरकारी खात्यात ओव्हरसीयर होते. उल्हास आणि पाताळगंगा या दोन नद्यांच्या काठची गावं त्यांच्याकडे होती. पूर ओसरला की त्यांचं काम सुरू होई. गावोगाव सायकलीने जायचं, पाणी कुठवर आलं होतं ते विचारायचं, उंची मोजायची आणि घराच्या भिंतीवर तांबड्या ऑइलपेंटने आडवी रेघ मारून खाली नंबर घालायचा. ते म्हणत, पुरुष पाणी नेहमी फूटभर वाढवून सांगतात, म्हाताऱ्या बायका अचूक सांगतात. उतरंडीचं तिसरं मडकं भिजलं पण चौथं नाही, देव भिजले नाहीत पण देवाखालचा पाट भिजला, अशी त्यांची मोजमापं. आजोबा ती मडकी परत रचायला लावत आणि पट्टी लावत.

संध्याकाळी ते टिपणवही माझ्यापुढे ठेवत. वरच्या साहेबांना सगळं इंग्रजीत लागे. मी इंटरपर्यंत शिकलेली, अक्षर बरं. त्यामुळे मोठ्या रजिस्टरातली पक्की प्रत मी लिहीत असे. त्यांच्या हाताखालच्या माणसांनी मोजलेली गावंही माझ्याच हातून रजिस्टरात जात. कोणाच्या घरात किती पाणी शिरलं, हे दोन तालुक्यांत माझ्याइतकं कोणाला पाठ नसेल.

लोकांना ती रेघ आवडत नसे. एकदा मी आजोबांबरोबर गेले होते, तेव्हा एक भातवाला शेतकरी भिंतीपुढे हात पसरून उभा राहिला.

"सायब, रेघ नका मारू. पोराचं लगीन करायचं हाय. ही रेघ बघून आमाला पोरगी कोन दील?"

"अहो, पण परत पाणी आलं तर?"

"येल तवा येल. पानी काय तुमची रेघ बघून थांबतंय व्हय?"

सगळे हसले. आजोबाही हसले, पण रेघ मारूनच आले. पुढच्या दिवाळीत तिच्यावर चुना बसणार हे त्यांना ठाऊक होतं. "रजिस्टर आहे ना," ते म्हणत. "भिंत पुसली तरी तुझं अक्षर कोण पुसतंय?"

आता तुमच्या बाबांच्या आत्याविषयी. आजोबांची ही धाकटी बहीण, माझी नणंद. मी आले तेव्हा ती परकरी होती. माझ्याकडून इंग्रजी शिकली आणि मी रजिस्टर लिहीत असले की शेजारी बसून शाई टिपून घ्यायची. भावाला चिडवायची, "दादा, लोकांच्या भिंती खराब करायचा पगार मिळतो तुला. मी आईच्या स्वयंपाकघरात एक रेघ मारली तर धपाटा मिळतो." तिला कडक मंगळ होता. पाच ठिकाणी पत्रिका परत आली. सव्वीस वर्षांची झाली. सासूबाई तिच्यादेखत काही बोलत नसत, पण तिचं ताट वाढताना त्यांचे डोळे भरून येत, आणि ती ते पाहून मुद्दाम जास्त भात मागून घेई.

मग चौकच्या बाजूचं एक स्थळ आलं. पाताळगंगेच्या काठी घर, भातशेती, मागे भाताची गिरण. मुलगा पदवीधर, शांत, आणि त्यालाही मंगळ. त्यांनी मुलगी पसंत केली आणि आम्हाला घर बघायला बोलावलं. आजोबा दौऱ्यावर होते. सासूबाई, चुलतसासरे आणि मी, असे तिघे गेलो.

ओटीवर शिसवी झोपाळा होता. मुलाची आई फार अगत्याची बाई. मी भिंतीला खांदा टेकला तोच म्हणाल्या, "जपून हं, भिंत अजून ओली आहे." चैत्र होता. दिवाळी होऊन पाच महिने झाले होते. चैत्रात ओटीच्या एकाच भिंतीला कोणी चुना देत नाही.

मी झोपाळ्याकडे पाहिलं आणि मला रजिस्टरातली ओळ आठवली. काही वर्षांपूर्वी मीच लिहिली होती. नदीकडे तोंड असलेलं घर, मागे गिरण. पाणी ओटीच्या जमिनीपासून साडेचार फूट. घरातल्या वृद्ध बाई सांगतात की झोपाळ्याची फळी पाण्यावर तरंगत कड्यांच्या निम्म्यापर्यंत गेली होती. ते गाव आजोबांच्या हाताखालच्या माणसाने मोजलं होतं. आजोबांनी ते घर पाहिलेलं नव्हतं.

सासूबाईंच्या चेहऱ्यावर मी कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता असा आनंद होता. मी पोहे खाल्ले आणि पोह्यांची तारीफ केली.

घरी आलो तर नणंद दारातच. "वहिनी, खांद्याला चुना कसला?"

"घराला नवा रंग दिलाय त्यांनी."

"माझ्यासाठी?" ती म्हणाली आणि लाजली. मी चुना हाताने झटकला.

आजोबा दौऱ्यावरून आले, सगळं ऐकलं आणि सहज म्हणाले, "नदीकाठचं आहे. आपल्या रजिस्टरात त्या घराची नोंद आहे का, बघ बरं." मी आत गेले. रजिस्टर उघडलं. पान लगेच सापडलं. ते मिटलं आणि बाहेर येऊन सांगितलं, "नाही सापडली." ते म्हणाले, "मग घर उंचावर असणार." माझ्या शब्दापलीकडे त्यांनी पान उलटून पाहिलं नाही.

मी का खोटं बोलले, याचं उत्तर मी पुष्कळ वर्षं शोधलं. तिचं भलं व्हावं असं वाटलं, हे खरं. सासूबाईंचे डोळे, हेही खरं. पण दोन खोल्यांच्या घरातून एक माणूस कमी होईल, हाही विचार माझ्या मनात आला होता. तोही लिहायला हवा.

वैशाखात लग्न झालं. ती सुखात होती. दर माहेरपणाला गिरणीचा तांदूळ घेऊन यायची. म्हणायची, "दादा, आमच्याकडे पाणी ओटीच्या पायरीलाही शिवत नाही, सासूबाई सांगतात. तुझी रेघ आमच्याकडे नाही चालायची." ती हे अभिमानाने सांगायची. मी चहा ठेवायला उठायची. सांगायची वेळ दरवर्षी येत होती आणि दरवर्षी मी चहा ठेवत होते.

लग्नाच्या पाचव्या पावसाळ्यात, श्रावणात, दोन दिवस घाटावर सतत पाऊस झाला. तिचा नवरा पनवेलला गेला होता आणि सासू लोधिवलीला लेकीकडे. घरात ती एकटी होती. पुढचं मला तिच्या शेजारणीने सांगितलं, ते तसंच लिहिते.

"सकाळीच पानी वाडीत आलं. आमी समदी देवळाच्या टेकावर निघालो. मी हाक दिली, वयनी, चला गं. तर बोलली, तुमी व्हा पुढं, आमच्या ओटीवर पानी येत नाय. मी तरी कसं सांगू? मी या गावची लेक नाय, दोन वर्सापूर्वी आलेली. मला तरी काय ठावं? दुपारी पानी एकदम चढलं. टेकावरून आमाला दिसत व्हती. कमरेएवढ्या पान्यात गोठ्याकडं गेली, गुरांची दावी सोडाया. गुरं भायेर आली. मंग गोठ्याची भित तिच्या अंगावर बसली."

गोठ्याची भिंत मातीची होती. गुरं सकाळीच सोडली असती तर तिला तिकडे जावं लागलं नसतं. पाणी कुठवर येतं हे नवऱ्याने, गावाने किंवा मी, कोणीतरी सांगितलं असतं तर ती सकाळीच टेकावर गेली असती. ओटीवर खांद्याच्या उंचीला तांबडी रेघ असती तर तिने ती पाच वर्षं रोज पाहिली असती.

आम्ही पोहोचलो तेव्हा पाणी उतरलं होतं. चुना पाण्याने धुऊन नेला होता. भिंतीवर गाळाची नवी रेघ होती आणि तिच्या चार बोटं खाली तांबडी जुनी. खालचा नंबरही स्वच्छ वाचता येत होता. आजोबांनी तो खिशातल्या वहीत उतरवून घेतला. ते का उतरवून घेत आहेत, ते मला कळलं.

नणंदेचे दिवस झाल्यावर तिच्या सासूने मला माजघरात नेलं आणि माझे पाय धरले. "आम्ही लपवलं हो. माझ्या मुलाला मुलगी मिळेना म्हणून मीच माणूस बोलावून चुना लावून घेतला. तुम्ही बिचारे विश्वासाने आलात. मला क्षमा करा." मी त्यांना उठवलं. त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, "जे व्हायचं ते झालं." त्या वयस्क बाईची कबुली मी स्वीकारली आणि माझी स्वतःची दिली नाही. आयुष्यात मी केलेल्या वाईट गोष्टींत ही पहिली धरते, खोटं बोलण्याच्याही आधी.

घरी आल्यावर आजोबांनी रजिस्टर काढलं. नंबर लावून पान उघडलं. ओळीवर बोट ठेवलं. मग एवढंच म्हणाले, "अक्षर तुझं आहे." मी हो म्हटलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी रजिस्टर मिटून कपाटात ठेवलं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत इंग्रजी प्रत ते स्वतः लिहीत, शब्दकोश पुढ्यात घेऊन, चुका करत. मी समोर भाजी निवडत असे. एखाद्या शब्दाला अडले तरी मला विचारत नसत. बाकी संसार नीट झाला. मुलं शिकली, सण झाले, सासूबाईंचं शेवटचं दुखणं आम्ही दोघांनी मिळून काढलं. सासूबाईंना खरं कधी कळलं नाही.

एक बदल त्यांनी केला. त्यांनी रंगाची रेघ सोडून दिली. पाथरवट बरोबर नेऊ लागले आणि जिथे दगड असेल तिथे छिन्नीने खूण खोदून घेऊ लागले. चुना लावला तरी बोटाला लागली पाहिजे, म्हणत.

पुढे खोपोलीकडे कारखाने आले, तेव्हा विम्याच्या कामाचा एक गृहस्थ आमचा पत्ता शोधत आला. जुन्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं, हे सांगणारं कोणी त्याला हवं होतं. रजिस्टर तोवर कचेरीत जमा होऊन रद्दीत गेलं होतं. आजोबा त्याला म्हणाले, "हिला विचारा. हिला सगळं पाठ आहे." इतक्या वर्षांत या विषयावर ते माझ्याबद्दल बोललेले हे पहिलंच वाक्य. मी सांगत गेले, गाव, घर, उंची. तो लिहून घेत होता. त्या गावापाशी आले, गिरणीच्या घरापाशी, तेव्हा आजोबा उठून आत गेले. मी साडेचार फूट सांगितलं. झोपाळ्याचंही सांगितलं. त्याने विचारलं, "तिथे आता खूण आहे का?" मी म्हटलं, आहे.

त्यांनी मला क्षमा केली की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही, आणि आता विचारायला ते नाहीत.

गेल्या वर्षी तुमच्या बाबांना घेऊन मी तिकडे जाऊन आले. फिरायला म्हणून सांगितलं होतं. घर पडलं आहे. गिरण नाही, गोठा नाही, झोपाळा कोणी नेला ठाऊक नाही. पडक्या ओटीवरचा एक दगडी खांब उभा आहे. त्यावर आजोबांनी खोदून घेतलेली आडवी खूण आहे. माझ्या खांद्याला लागते. बोट फिरवून पाहिलं, अजून खोल आहे.