ताईचं नाणं, माझं पॅन

अक्षरओळख मला पाठ्यपुस्तकाच्या आधी पत्रकांनी करून दिली. वडील पाथरीला शाळेत शिक्षक होते आणि दर दोन-तीन महिन्यांनी कशाच्या ना कशाच्या विरोधात पत्रक काढायचे. कधी भोंदूबाबा, कधी दुप्पट पैसे देणाऱ्या योजना, कधी शाळेतली बेकायदा फी. घड्या घालायचं काम माझं. हाताला शाई लागायची, जेवताना भाकरीवर तिचे ठसे उमटायचे आणि आई ओरडायची.

त्यामुळे आमच्या भागात मोटारसायकलवरून हिंडणारे एजंट रोख पैसे घेऊन ‘कॉइन’, म्हणजे बिटकॉइनसारखं आभासी नाणं, द्यायला लागले, पावती म्हणून मोबाइलवर एक हिरवा आकडा दाखवायला लागले, तेव्हा मी गप्प बसणं शक्य नव्हतं. मी तेव्हा कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होते, म्हणजे जितके तास तितका पगार, तोही सरकारला आठवेल तेव्हा. मी दोन पानी पत्रक लिहिलं. एजंटला रोख देऊ नका. सरकारकडे नोंद असलेल्या ऑनलाइन मंचावरच घ्या. स्वतःचं पॅन, स्वतःचं आधार, स्वतःचं बँक खातं वापरा. नफ्यावर सरसकट तीस टक्के कर आणि त्यावर चार टक्के उपकर. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही. विकताना शंभरामागे एक रुपया आधीच कापला जातो आणि तो तुमच्या नावावर नोंदला जातो. शेवटी ठळक अक्षरांत लिहिलं: समजत नसेल तर घेऊ नका.

दोनशे प्रती काढल्या. त्यातली एक झरी गावाला पोचली, माझ्या मावशीच्या मुलीकडे. मी तिला ताई म्हणते. लग्नानंतर चार वर्षांनी ती सासर सोडून माहेरी आली होती आणि घरातल्या खिडकीखाली मशीन टाकून ब्लाउज शिवायची. बसस्टँडजवळ एक गाळा रिकामा होणार होता. मालकाला लाखभर डिपॉझिट हवं होतं आणि गुढीपाडव्यापर्यंत थांबायला तो तयार होता. ताईकडे साठ हजार होते.

“एजंटला देनार होते,” ती म्हणाली, “पन तुजं पत्रक वाचलं. आता कायद्यानं घेऊन दे.”

मला काय आनंद झाला होता! माझं पत्रक वाचून एका माणसाने एजंटला पैसे दिले नव्हते. “शेवटची ओळ वाचलीस का?” मी विचारलं.

“वाचली की. मला न्हाई समजत, तुला समजतंय. मंग झालं तर.”

मी तिचं खातं उघडायला बसले. अर्ज नामंजूर झाला. पॅन लग्नाआधीचं, त्यावर वडिलांचं आडनाव. आधार सासरी काढलेलं, त्यावर नवऱ्याचं. दोन्ही जुळवायचं तर विवाहनोंदणीचा दाखला हवा, नोंदणी झालेलीच नव्हती, आणि ती करायची तर नवऱ्याची सही हवी. ज्या दारातून ती एक पिशवी घेऊन निघाली होती, त्या दारात सही मागायला जायचं. मी दुसऱ्यांदा अर्ज भरला. पुन्हा नामंजूर.

“तुज्यावर घे की मंग,” ताई म्हणाली.

“तसं चालत नाही ताई. पत्रकात काय लिहिलंय?”

“आगं, आपला कापूस आपन काकाच्या सातबाऱ्यावर घालतो का न्हाई खरेदी केंद्रावर? पैसा काकाच्या खात्यात येतो, काका आणून देतो. कधी कुनी कुनाचा रुपाया ठिवला का?”

हे खरं होतं. आमच्याकडे सगळेच असं करतात. ज्याचा सातबारा चालू, पीकपेऱ्याची नोंद नीट, त्याच्या नावावर भाऊबंदांचा माल जातो. हमाली ज्याचा माल तो देतो. यात कुणाला काही चुकीचं वाटत नाही, आणि उलट नाही म्हणणारा माणूस सगळ्यांना हलका वाटतो. माझ्याही शिक्षणाचा काही पैसा, आमच्या कापसाचा, असाच आमच्या काकाच्या खात्यातून आला होता. कायदा माझ्याबरोबर होता आणि समोर ताई बसली होती, जिला कायद्याने एकाच वेळी दोन बायकांमध्ये विभागलं होतं. मी माझ्या नावावर साठ हजारांचं बिटकॉइन घेतलं.

त्या हिवाळ्यात भाव चढत गेला. ताई दर रविवारी फोन करायची आणि आधी आईची तब्येत विचारायची, मग हळूच, “आपलं ते कसं हाय?” लाख झाले त्या दिवशी मी स्वतः फोन केला.

“काढ,” ती म्हणाली. “लगी काढ.”

इथे मी जे केलं, ते मी पुष्कळदा मनाशी उलगडून पाहिलं आहे. मी तिला कर समजावून सांगितला. नफा चाळीस हजार, त्यावर कर बारा हजार चारशे ऐंशी. म्हणजे हातात लाख उरणार नाहीत. अजून थोडं थांबू, कर भरून लाख उरतील तेव्हा काढू. कायद्याला धरून चालणारं, स्वच्छ गणित होतं ते. ती म्हणाली, “कमी पडले तं मी मागून घेईन की कुनाला.” मी म्हणाले, मागायचं कशाला?

भाव तिथेच अडकला, थोडा खाली आला, पुन्हा लाखावर आला. पाडवा जवळ येत होता. ताईच्या एका गिऱ्हाइकाच्या भाच्याने दुसरं एक नाणं सांगितलं, ते पळतंय म्हणाला. “बदलून घे,” ताई म्हणाली, आणि आता तिच्या आवाजात घाई होती. मी बदललं. बैलबाजारात बैलाला बैल दिला तर आपण बैल विकला म्हणत नाही, बदलला म्हणतो. रुपया हातात आला नाही म्हणजे विक्री नाही, असंच मी धरून चालले. पत्रकात याबद्दल एक ओळही नव्हती, कारण मी ते शोधलंच नव्हतं.

नवं नाणं दहा-बारा दिवसांत कोसळलं. मी विकलं तेव्हा बावीस हजार उरले होते, ते ताईला नेऊन दिले. पाडव्याला त्या गाळ्यात मोबाइलच्या काचा लावणाऱ्याने नारळ फोडला.

विवरणपत्र भरायला मी परभणीला एका कर सल्लागाराकडे गेले. मला वाटत होतं, अडतीस हजारांचा तोटा आहे, कर कसला? त्याने संगणकावर माझी कर खात्यातली नोंद उघडली आणि बराच वेळ वर-खाली केली.

“मॅडम, तुमी ते पत्रकवाल्या का?”

“हो.”

“आमच्या टेबलावर होतं की. लय चांगलं लिहिलंय. बदललं कव्हा?”

मी सांगितलं.

“नाण्याला नाणं दिलं तरी ती विक्रीच हाय. चाळीस हजार नफा, त्याच दिवशी झाला तुमचा. पुढचा तोटा तुमचा तुमच्यापाशी.”

“पण माझं उत्पन्न करपात्र नाहीच. मर्यादेच्या कितीतरी खाली आहे.”

“ह्याला मर्यादा न्हाई. शंभर रुपये कमवा नाहीतर शंभर कोटी, तीस टक्के.” त्याने चष्मा काढला. “लहान रकमा हायेत. लोक दाखवतच न्हाईत.”

“एक टक्का कापलाय तो दिसतोच ना तुम्हाला?”

“मला दिसतोय म्हंजे कर खात्यालाबी दिसतोय. नोटीस आली तं या.”

“भरायचा आहे,” मी म्हणाले. “आणि पैसे माझे नाहीत, बहिणीचे आहेत.”

तो हसला नाही, एवढं त्याचं चांगलं. “कागदावर त्या बहिनीचा काई संबंध न्हाई. तुमी घेतलं, तुमी विकलं. उलट ते बोलूच नका, दुसऱ्याचा पैसा आपल्या नावावर, त्याची वेगळी भानगड हाय.”

हा कर ज्या कुणी लिहिला, त्याच्या डोळ्यांपुढे कोण नव्हतं हे मला माहीत आहे. झरीची शिवणारी बाई नव्हती. ती तर त्याच्या अर्जातसुद्धा बसत नव्हती. पण तिला आत येऊ न देणाऱ्या दारातून तिचे पैसे मात्र आत गेले आणि तिथेच कापले गेले. हे मी रागाने लिहिते आहे, आणि हेही लिहिते की त्या दाराची कडी मीच उघडली होती.

आधीच कापलेले बाराशेच्या आसपास वजा जाऊन उरलेला कर मीच भरणार, असं मी ठरवलं होतं. पण माझं मानधन सहा महिन्यांपासून आलं नव्हतं आणि भरायची मुदत संपत आली होती. ताईला मी फोनवर सगळं सांगितलं होतं; सल्लागाराकडे दुसऱ्यांदा गेले तेव्हा ती झरीहून आली होती, न बोलावता. तिने रुमालात बांधलेले पैसे सल्लागाराच्या टेबलावर ठेवले.

“ताई, उचल ते. चूक माझी आहे.”

“माल कुनाचा व्हता?”

“तुझा. पण बदलताना मी—”

“मंग हमाली कोन देनार? गप बस.”

मी ते पैसे परत सारायला हवे होते. उसने घेऊन, मुदत चुकवून, व्याज भरून, कसंही. मी ते घेतले, माझ्या खात्यात भरले आणि तिथूनच कर गेला. सल्लागाराने पावती छापली. ताईने ती हातात घेतली आणि ब्लाउजची मापं वाचताना वाचते तशी, बोट फिरवत, वरपासून खालपर्यंत पाहिली.

“ह्याच्यात माजं नाव कुठंय?”

“नाही,” मी म्हणाले.

“कुठंच?”

“कुठंच नाही ताई.”

तिने कागद माझ्याकडे दिला. मग सल्लागाराला विचारलं, झरीवरून जाणारी जिंतूरची गाडी आता किती वाजता आहे. तो म्हणाला, एक आत्ताच गेली. आम्ही स्टँडवर तासभर उभ्या होतो. गाडी आली तेव्हा जागा मिळते का बघायला ती पुढे पळाली.