सगळ्या घरांना एकच आकडा

अर्ध्या गावात इंटरनेटच्या तारा ओढल्या त्यांनीच, म्हणून ते तारमामा. कामाला चोख, पण राग कायम नाकाच्या शेंड्यावर. शिडीवर चढलेले असले तरी खालच्याशी भांडण चालूच.

त्या सकाळी मामा टायपिस्टबाईंच्या घरी जमिनीवर मांडी ठोकून बसले होते. मांडीवर लॅपटॉप, समोर पलंगावर बाईंची म्हातारी आई, पाय प्लास्टरमध्ये. बाई इस्पितळात एक्स-रेचे अहवाल टाइप करायच्या. आई न्हाणीघरात पडली आणि बाईंना घर सोडता येईना. मॅनेजरने हुकूम काढला: बारापर्यंत घरून काम सुरू झालं तर ठीक, नाहीतर खुर्ची दुसरीला.

मामा व्हीपीएन बसवत होते. म्हणजे या घरापासून इस्पितळाच्या फायरवॉल राउटरपर्यंत, तिथल्या राखणदार पेटीपर्यंत, कुलूपबंद बोगदा. आत काय जातंय ते वाटेत कुणाला दिसत नाही. इस्पितळाचा बाहेरचा पत्ता भरला, बाईंचं नाव, पासवर्ड. जोडणी झाली, हिरवी खूण आली. बाईंनी अहवालांचा फोल्डर उघडला, तर उत्तर: सापडत नाही. तोडलं, जोडलं. पुन्हा तेच.

मामांनी मॅनेजरला फोन लावला.

"अहो, एवढी कटकट कशाला?" मॅनेजर म्हणाला. "कुलूपबिलूप काढा. फोल्डर सरळ इंटरनेटवर मोकळा सोडा. कोण बघतंय?"

"कोण बघतंय?" मामांचा चष्मा नाकावरून घसरला. "तुमच्या न्हाणीघराला दार का लावलंय मग? लोकांच्या दुखण्याची कागदं आहेत ती, साहेब! चव्हाट्यावर मांडायला वांगी नव्हेत!"

"मग बाराला भेटू," म्हणत मॅनेजरने फोन ठेवला.

"आईचं हाड मोडलं म्हणून लेकीच्या पोटावर पाय?" मामा भिंतीशीच भांडायला लागले. "याला माणूस म्हणायचं?"

"भाऊ," म्हातारी म्हणाली, "ओरडल्यानं ते चालू होतं का? नाही, होत असेल तर मीही ओरडते."

बाई मात्र कोपऱ्यातल्या राउटरकडे बघत होत्या. त्यावर मामांच्याच अक्षरात आकड्याची चिठ्ठी होती. "मामा, हाच आकडा इस्पितळाच्या पेटीवरही आहे ना? माझ्या टेबलाशेजारीच असते ती."

मामांनी चिठ्ठी जवळ जाऊन वाचली. होता ना! वीस वर्षं जिथे जातील तिथे त्यांनी तोच आकडा दिला होता, १९२.१६८.१. का, तर लक्षात ठेवायला सोपा. घराचा आतला पत्ता तोच, इस्पितळाचाही आतला तोच. मग लॅपटॉप बिचारा बोगद्यात शिरतोय कशाला? तो अहवाल इथेच, बाईंच्या घरातच शोधत बसला होता.

"गाढव!" मामा ओरडले, पण या वेळी बोट स्वतःच्या छातीकडे होतं.

त्यांनी घरच्या राउटरचा आकडा बदलून १९२.१६८.७७ केला, राउटर बंद करून पुन्हा चालू केला, व्हीपीएन नव्याने जोडलं. फोल्डर उघडला. अकरा चाळीसला बाईंची बोटं चालू लागली आणि बाराला पाच कमी असताना पहिला अहवाल इस्पितळात पोचला.

मामांनी फोन लावला. "साहेब, काम सुरू झालंय. चूक माझी होती, ती दुरुस्त केली. तुमची जी आहे ना, तिला पेचकस चालत नाही. ती तुम्हीच बघा!"

"आता कसं," म्हातारी म्हणाली, "स्वतःवरचं ओरडणं कामी आलं."