मिग्दालियाच्या घरातला फोरम

मिग्दालिया पोवेदा हवानाच्या बसस्थानकात गाड्यांची घोषणा करायची. सांतियागोची गाडी, ओल्गिनची गाडी, उशिरा सुटणारी, सुटणारच नाही अशी, सगळ्या तिच्याच आवाजात. निवृत्त झाली आणि लॉटन वस्तीतल्या आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर अडकली. लिफ्ट बंद, आणि गुडघे लिफ्टसारखेच. ती माझ्या आईची मैत्रीण, म्हणून मी तिला मावशी म्हणायचो. फ्रिजदुरुस्तीची कामं उरकून घरी येताना तिचा पाव वर नेऊन द्यायचो.

भाच्याने तिला जुने भाग जोडून एक कॉम्प्युटर करून दिला होता. घरात इंटरनेट कुणाकडेच नव्हतं. दर आठवड्याला सिनेमे-मालिकांनी भरलेली हार्ड डिस्क घरोघर फिरायची, तिच्यात एकदा फोरम, म्हणजे लिहून गप्पा मारायचा कट्टा, चालवायचं सॉफ्टवेअर आलं. मावशीने ते उतरवून घेतलं. कितीतरी दिवस पडदा पांढराफटक राहायचा. आधी सर्व्हर चालू कर, मग डेटाबेस, मग पुन्हा पहिल्यापासून. मी म्हणायचो, "मावशी, सोड ना." ती म्हणायची, "गाड्या आठ-आठ तास लटकल्या तरी मी माइक सोडला नाही रे."

एक दिवस गेलो तर बाई एकटीच खो-खो हसत होती. फोरम सुरू झाला होता. पडद्यावर कप्तान बेनिग्नो नावाचे एक निवृत्त खलाशी रेमेदियोसबाईंच्या काळ्या घेवड्याला नावं ठेवत होते आणि रेमेदियोसबाई त्यांना झणझणीत उत्तर देत होत्या.

"हे कोण लोक?"

"मीच," मावशी म्हणाली. "दोन्ही मीच. फोरम या कॉम्प्युटरच्या बाहेर जात नाही, मग भांडायला माणसं आणू कुठून?"

मला हसू आलं, आणि तिला खरी माणसं आणून द्यायचं मी मनात घेतलं. आम्ही काही शेजाऱ्यांनी गच्च्यांवरून तारा ओढून आपापले कॉम्प्युटर जोडले होते, खेळ खेळायला. रविवारी त्यातलीच एक तार मी तिच्या खिडकीत उतरवली. माझ्या घरून फोरमचं पहिलं पान उघडलं, पण कुठेही क्लिक केलं की गाडी अडायची. फोरमला वाटत होतं आपण अजून मावशीच्याच घरात आहोत. पत्त्यात 'लोकलहोस्ट' लिहिलेलं, म्हणजे 'इथेच'. आणि माझ्या घरी 'इथेच' म्हणजे माझाच कॉम्प्युटर. मावशीने सेटिंग शोधून पत्ता बदलला आणि खिडकीतून ओरडली, "आता बघ!"

आता चाललं. महिनाभरात गल्लीतले निम्मे लोक त्यावर. कुणी कुत्र्याची पिल्लं देतोय, कुणी पाणी कधी येणार विचारतोय. आणि सगळ्यांचे लाडके कोण, तर कप्तान बेनिग्नो. मावशीने त्यांना काढून टाकलं नव्हतं.

कोपऱ्यावरच्या घरात एवेलिओ कार्मेनाते राहायचे. पूर्वी बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायचे. बायको गेल्यापासून त्यांनी दार-खिडक्या लावून घेतल्या होत्या. मुलीने घर सोडताना कॉम्प्युटर मागे ठेवला होता, आमच्याच तारांना जोडलेला, तो एकदा उघडला, आणि बेसबॉलवरून त्यांची कप्तानशी जुंपली. एवेलिओ पिनार देल रिओच्या संघाचे, कप्तान हवानाच्या.

"तुमच्या खेळाडूंना बॅट दिली काय आणि झाडू दिला काय, सारखंच," कप्तान लिहायचे.

"तुम्ही कधी जहाजावर चढला होता का हो, की बंदरावर शेंगदाणे विकत होता?" एवेलिओ.

आम्ही कामं सोडून वाचायचो. एवेलिओंच्या खिडक्या एकेक करून उघडल्या. आणि मग त्यांनी लिहिलं: 'कप्तान, पुरे झाली बडबड. रविवारी सकाळी कोपऱ्यावर या. डॉमिनो खेळू. सगळी गल्ली साक्षीला.'

मावशीने मला हाक मारून वर बोलावलं. चेहरा उतरलेला.

"कप्तानला मारून टाकू?"

"अगं, मग गल्ली मयताला येईल!"

"समुद्रावर पाठवू?"

"रिटायर्ड आहेत म्हणून तूच लिहिलंस."

तिने खिडकीतून एवेलिओंच्या घराकडे बघितलं. "त्या माणसाने दार उघडलंय रे. आता आणखी खोटं बोलून ते परत बंद व्हायला नको. मला खाली ने."

रविवारी मी आणि एका शेजाऱ्याने तिला खुर्चीत बसवून जिन्याने उतरवलं. प्रत्येक वळणावर ती बसस्थानकाच्या आवाजात गरजायची, "बाजूला व्हा, गाडी सुटते आहे!" खाली टेबलाभोवती ही गर्दी. एवेलिओ इस्त्रीचा शर्ट घालून, सोंगट्या पालथ्या घालून बसलेले. खुर्ची त्यांच्या समोर ठेवली.

"बाई, ही जागा कप्तान बेनिग्नोंची आहे," ते म्हणाले.

"कप्तान बेनिग्नो मीच आहे."

एवेलिओंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मला म्हातारा बोकड म्हणालात ते तुम्ही?"

"हो."

"दोनदा?"

"दुसऱ्यांदा 'ओला बोकड' म्हटलं होतं."

त्यांच्या ओठांचा कोपरा थरथरला, आणि ते असे काही हसले की सोंगट्या खाली पडल्या. मग हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मग मीही सांगून टाकतो. ती रोसिता आहे ना फोरमवर, नवी नवरी, भात करपतो म्हणून रेमेदियोसबाईंना विचारते? ती मी. बायको असताना मी चूलही पेटवली नव्हती. पुरुषाच्या नावाने विचारायची लाज वाटली."

"माहीत आहे मला," मावशी म्हणाली. "रोसिता आणि तुम्ही एकाच कॉम्प्युटरवरून येता. फोरम चालवणाऱ्याला ते दिसतं. म्हणून तर रेमेदियोसबाई इतकं समजावून सांगायच्या, पाणी किती, झाकण कधी."

"म्हणजे रेमेदियोसबाईही..."

"त्याही."

मग जो गलका उठला! कुणी टाळ्या पिटल्या, कुणी रमची बाटली आणली. एवेलिओंनी सोंगट्या ढवळल्या. आणि तेव्हा कळलं, बंदराबंदरांत डॉमिनो जिंकल्याच्या गप्पा मारणाऱ्या कप्तानना डॉमिनोतलं ओ की ठो येत नव्हतं. मावशी प्रत्येक डाव हरली आणि हरताना डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

त्यानंतर एवेलिओ दर दोन दिवसांनी घेवडा-भाताचं भांडं घेऊन जिना चढायचे. मावशी चाखून म्हणायची, "मीठ कुणाच्या लग्नाला गेलं होतं?" पुढे तिने त्यांना कप्तानचा पासवर्ड देऊन टाकला. आता कप्तान कधी हवानाची बाजू घ्यायचे, कधी अचानक पिनार देल रिओची, आणि गल्ली गोंधळून जायची.

वीज गेली की फोरमही जायचा. तेव्हा लोक खुर्च्या घेऊन कोपऱ्यावर जमायचे, मावशीला कुणीतरी उतरवायचं, आणि अर्धवट राहिलेलं भांडण तिथून पुढे चालू व्हायचं, एकमेकांना फोरमवरच्याच नावांनी हाका मारत. मोठ्याने "रोसिता!" म्हटलं की पांढऱ्या मिशांचे एवेलिओ ऐटीत "काय गं?" म्हणायचे.